दुरा

घाटी दवाखान्याच्या मागच्या गेटाला
माझं भाकरीचं दुकान. पत्र्यावर नाव नाही,
थापायचा आवाज आला की लोक वळतेत.

तो वळला चौथ्या दिवशी.
उंच, जरा वाकून चालणारा,
एका हातात फाईल, दुसऱ्यात केळाची दोन सालं,
टाकायला जागा सापडंना म्हणून तशीच धरलेली.
त्यावरूनच म्हणलं, हा इथला नाही.

सुदानहून आलता, मामाच्या ऑपरेशनला.
बावीस दिवस राहायचं, पैसा मोजका.
माझ्याकडं भांडी बघणारी नसीमा बारावीला आहे,
तिनं इंग्रजीत विचारून सांगितलं:
तीन दिवस सकाळी बन, दुपारी चिप्स,
अन् काल रात्री लाल तर्रीचं काहीतरी,
दोनशे ऐंशीचं.
ते पोटात राहिलं नाही.

मला काय सांगायची गरज?
मीबी ह्याच गेटाला आलते वडवणीहून,
नवऱ्याचा मोडका पाय घेऊन.
नऊ दिवस चहा-खारी, चहा-खारी.
दहाव्या दिवशी दोन विटा मागून आणल्या
अन् पत्र्याच्या डब्याचं झाकण तापवून
त्यावर पहिली भाकर टाकली.
करपली. खाल्ली.

तो माझ्याकडं बघतच नव्हता,
परातीत बघायलाय.
चिमूटभर पीठ घेतलं, बोटात चोळलं, नाकाला लावलं,
म्हणला, "दुरा."
मला वाटलं घर दूर आहे म्हणायलाय.
म्हणलं, हाव बाबा, लई दूर.
तो मान हलवून पुन्हा, "दुरा, दुरा,"
अन् हात डोक्याच्या वर नेऊन
मूठ गच्च आवळली,
दाण्यानं भरलेली असावी तशी.

ज्वारी!
नसीमा मोबाइलात बघून ओरडली,
मावशी, ज्वारीच म्हणायलाय तो.

मग रोज दोन भाकरी, अंबाडी नाहीतर शेपू,
मुठीनं फोडलेला कांदा, पन्नास रुपये.
पन्नासाला तो मोबाइलात कशानं तरी भागायचा,
जरा वेळ आकड्याकडं बघायचा,
अन् अजून एक भाकर मागायचा.
मामाला तेल बंद, म्हणून मुगाचं बिनफोडणीचं वरण,
वर तांब्याभर ताक.
डबा परत यायचा तो चाटल्यासारखा.
ठेच्यानं मात्र रडवलं त्याला.
डोळे पुसले, नाक पुसलं,
म्हणला, थोडा और.

एकदा म्हणला, माझी आई अशी थापत नाही.
रात्री माझ्याच पातेल्यात पीठ भिजवून गेला,
सकाळी आंबलेलं पीठ वाटीनं तव्यावर ओतलं
अन् झाऱ्याच्या पाठीनं पसरायला लागला.
कागदासारखी पातळ निघाली पाहिजे म्हणं.
पहिली फाटली.
दुसरी चिकटली.
रिक्षावाले खिदळायलेत, चहावाला चहा सोडून आला.
तिसरी निम्मी निघाली,
ती आम्ही सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ली.
आंबिलीची चव, जशीच्या तशी,
फक्त ही वाटीतून प्यायची नाही, दातांनी तोडायची.
तो आमच्या तोंडाकडं बघत उभा,
परीक्षेचा निकाल लागायलाय तसा.
कुणी काही बोललं नाही.
चहावाल्यानं चौथी टाक म्हणलं.

बाविसाव्या दिवशी मामा रिक्षात, पिशव्या रिक्षात,
हा पळत आला, शंभराची नोट ठेवली.
सत्तर झालते. माझ्याकडं सुट्टे नव्हते.
शेजारी मागायला गेले तेवढ्यात
रिक्षा हलली.

माझ्या वहीत सगळ्यांकडून येणं लिहिलेलं,
वॉर्डबॉय, रिक्षावाले, एक कंपाउंडर.
देणं एकाचंच.
नाव मुझम्मिल, पण मला ते लिहिता येईना,
म्हणून "दुरावाला, तीस रुपये."
वही भरली की नवी आणते,
अन् पहिल्या पानावर तेवढी ओळ
उतरवून घेते.