चुन्याची रेघ

ड्रोन अकराला येणार, म्हणून सकाळीच
चुन्याची घमेली घेऊन आम्ही गढीवर.
मी तलाठी. पुढं कोतवाल सुदामती वाव्हळ,
मुठीतून फक्की सोडत चालणारी.

रकाना पहिला, बांधकाम : माती.
रकाना दुसरा, साल.
फसली बाराशे एक्क्याण्णवचा एक उर्दू कागद आहे दप्तरात,
तो वाचणारे चाँदपाशा मास्तर
गेल्या पोळ्याला वारले.

मी मोजत राहिले, ती बोलत.
हा गोठा, मॅडम. तीस बैलं.
दावणीचा दगड बगा कसा झिजलाय, मानंनं.
माजा आजा हितंच निजायचा, एकतिसावा.

ही पेवं. आत उतरायच्या आधी कंदील सोडायचा,
इझला की थांबायचं.
एका साली थांबू दिलं न्हाई.
नाव सांगत नाही ती.
त्या पेवाला लांबून वळसा घालते, चुना जास्त सांडून.

पागेत रेशनचं दुकान होतं.
कचेरीत चौथीपर्यंतची शाळा,
बहात्तरला दारूकोठारात सुकडीची पोती.
रझाकारीत हैबतराव रातोरात बार्शीकडं गेले,
परत आले ते कुळकायद्याच्या कागदावर सही करायला,
आणि गोठ्याच्या दाराशी जोडे काढून
बराच वेळ उभे होते म्हणतात.

बुरूज चार, असं जुन्या नकाशात.
मी मोजले अडीच.
उरलेला दीड?
"गेला न्हाई, मॅडम. वर बसलाय."

मिरगाआधी बायका पाट्या भरायच्या,
गढीची पांढरी माती माळवदावर अंथरायच्या.
थेंब गळत नाही तिच्यातून.
कारभाऱ्यानं दंड लावला, पाटीला पायली जवारी.
मग एका पहाटे कारभारीच सापडला,
डोक्यावर पाटी.
"आमच्या वस्तीला दंडाचीबी सोय नव्हती.
माय रातची न्यायची, पदराखाली."

अकरा वाजता पडद्यावर गाव उमटलं.
मधूनमधून निळे पत्रे, एक टाकी,
बाकी सगळं एकाच रंगाचं.
गढी कुठं संपते ते दिसेना.

रेघ जुळायला हातभर उरली होती.
सुदामती मूठ धरून उभी :
"कुठवर ओढू?"

क्षेत्राचा रकाना मी पेन्सिलीनं भरला.