हिस्सा चार

घणसोलीला, खाडीच्या अंगाला,
तीन रो-हाउस, मधल्या भिंती पाडून एक केलेली.
दारांना कड्या होत्या, कुलपं नव्हती.
पहिल्या रात्री मी चार वेळा उठून बघितलं
बाहेरून कोणी लावून घेतलंय का.
नव्हतं घेतलं.
मग झोपच येईना.

इथे पेशंट म्हणायचं नाही, असा ठराव होता.
डॉक्टरही म्हणायचं नाही.
खांबेटे म्हणजे नुसते खांबेटे, सोमवारची भांडी त्यांच्याकडे.
कढई कायम ओशट ठेवायचे.
मोहिनी लालवाणी सकाळच्या सभेत ती कढई फिरवायची,
प्रत्येकाने बोट लावून बघायचं.
हसायचे सगळे, खांबेटेसुद्धा.
पण शनिवारी त्यांची स्कूटर निघायची ठाण्याला, घरी.
आमच्यापैकी कुणाची निघत नव्हती.
हे मी सभेत मांडलं. इतिवृत्तात नोंद आहे.

इतिवृत्त माझ्याकडे, कारण मी टंकलेखक.
अकरा वर्षं बेलापूरला, भूसंपादनाच्या कचेरीत,
दोन कार्बन घालून नोटिसा.
पुढे तेच सर्व्हे नंबर रात्री यायला लागले,
कोणीतरी डिक्टेशन द्यावं तसे,
स्वल्पविरामासकट.
आधीच्या इस्पितळात हे सांगितलं
तेव्हा अर्ध्या गोळीची एक झाली.
इथे सभा म्हणाली, मोठ्याने म्हण.

मी म्हटलं: एकशे बारा, हिस्सा चार.

हिराजी पाटील कोथिंबीर निवडत बसला होता.
काडी बोटांत तशीच.
"यो दगडू म्हात्र्याचा," म्हणाला. "आमचे बांदाला लागून."

पंधरा माणसं होतो,
त्यातली निम्मी एरवी बोलायची थांबत नसत.

"आनि एकशे तेरा?" त्याने विचारलं.
एकशे तेरा मला ऐकू यायचा, रोज,
पण त्या दिवशी मी नाही म्हटलं.
त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या दोरीखाली तो खणायला लागला.
खांबेटे उकिडवे बसून हळू आवाजात
काहीतरी गमावण्याबद्दल बोलले, लॉस म्हणाले.
"लॉस नाय," खड्ड्यातून उत्तर आलं, "सातबारा हाय."
सभेने मत घेतलं: खणू दे.
आम्हाला अभिमान वाटला स्वतःचा.

भरावाची लाल माती संपली, डबर संपलं,
मग काळा चिखल, त्याला जुन्या कोळंबीसारखा वास.
तिसऱ्या दिवशी पाणी.
त्याने स्टीलचा पेला भरून वर दिला,
सगळ्यांनी जिभेला लावलं. खारट.
इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता,
आणि त्याचे ओठ फुटले होते,
आणि तीन रात्री तो झोपला नव्हता,
आणि आता तो पायाच्या दगडाला लागला होता,
स्वयंपाकघराच्या.

रात्री दोनला सभा.
इंजेक्शन, गाडी, हो की नाही.
सात विरुद्ध सहा, एक तटस्थ.
तटस्थ खांबेटे.
हिराजीला मत नव्हतं, तो खड्ड्यात होता.
सातवा हात माझा.
तोही मीच मोजला, मीच लिहिला,
खाली सही केली.

तो परत आला नाही. वर्षभरात घरही मिटलं,
भाडं, शेजाऱ्यांचे अर्ज, तडा गेलेली भिंत.
बरं वाटायचं का तिथे, असं लोक विचारतात.
कढईवरून भांडायला मिळायचं, एवढं सांगते.

आता ऐरोलीला, भावाकडे.
गोळी वेळेवर.
आकडे अजून येतात, पण हल्ली प्रत्येक आकड्यानंतर
जरा जागा सोडतात,
कोणाचा ते कोणी सांगावं म्हणून.
बहुतेकांचं मला माहीत नसतं.
एकशे तेरा आला की मी नाव घेते, मोठ्याने,
गॅसपाशी.
वहिनी विचारते, कोणाशी बोलताय?
मागच्या सभेचं इतिवृत्त, मी म्हणते,
वाचून कायम करायचं राहिलंय.