दुसरी बाजू

गिरणी बंद पडली त्या वर्षी
घोडपदेवच्या आमच्या चाळीत
कुमुदमावशी कॉलरी उलटवायची.
आठ आणे. उधारीही चाले.

ब्लेडने टाका न् टाका उसवायची,
निघालेला दोरा रिकाम्या रिळाला गुंडाळायची,
तोही कुठे ना कुठे लागतोच.
विरलेली बाजू आत, कोरी वर.
कुणाच्या डब्यात किती दिवसांचं पीठ आहे
ते तिला मानेवरून कळे.
बोलली कधीच नाही.

एकदा पडवळांचा शर्ट आला,
दोन्ही बाजू संपलेला.
सकाळी नऊला अंधेरीत मुलाखत.
मावशीने शर्टाचा मागचा घोळ कापला,
त्याची कॉलर केली,
खाली जोडलं मैद्याच्या पोत्याचं कापड.
"आत खोचलं की बघतंय कोण?"

तर पडवळ साहेबासमोर बसले
ताठ मानेने,
बुडाखाली निळ्या अक्षरांत
निव्वळ वजन नव्वद किलो.

नोकरी नाही मिळाली.
कॉलर मात्र टिकली,
थोरल्याच्या पहिल्या पगारापर्यंत.
त्याने नवाकोरा शर्ट आणला.
पडवळांनी घडी मोडली,
रंग नाही पाहिला, माप नाही,
आधी कॉलर उलटून
आतली बाजू बोटाने चाचपली.