दाबाची चाचणी

सोहारला सकाळी आठलाच खिडकीची काच तापते.
याकूब तुंगेकर, गाव दाभोळ,
अठ्ठावीस वर्षं रिफायनरीच्या नळांत पाणी कोंडून
काट्याकडे बघत बसलेला माणूस,
आज माझ्या खुर्चीत.

पहिला प्रश्न त्याचाच:
"बाय, गेज तपासलंस कधी?"
शब्द ओले, कडांना विरलेले,
प्रश्न मात्र सरळ.
गुरुवारची चिठ्ठी दाखवली. त्याने तारीख वाचली,
मान हलवली, जेवढी हलते तेवढी.
"आधी तू कर."
मी नाकात बोंडा घालून एक झटका दिला.
शहाण्णव.
"पास," तो म्हणाला.

तोंडात नळी धरवत नाही त्याला, ओठ मिटत नाहीत,
हवा गालातून निसटते.
म्हणून नाकानेच: एक नाकपुडी बंद,
दुसरी मोकळी,
आणि सगळा जीव एकदाच आत.
हुंगा, मी म्हणते. जोरात. पुन्हा.
एकोणतीस.
एकतीस.
तीस.
मानेच्या दोन दोऱ्या ताठ उभ्या राहतात.
पोटाने बाहेर यायला हवं,
ते आत जातं.

आडवं झोपवून मोजायचं होतं.
पाठ टेकताच त्याचे डोळे मोठे झाले,
मी लगेच उठवलं
आणि फॉर्मवर तेवढंच लिहिलं.
"खुर्चीतच झोपतात," नफिसाभाभी म्हणाल्या,
"रमजानपासून. सकाळी डोकं धरून बसतात."

हुंगायला कसं शिकवायचं मोठ्या माणसाला?
आम्ही फुलं सांगतो, अत्तर सांगतो.
सहा वेळा झालं, तेव्हा भाभीच पुढे वाकल्या:
"अहो, शेजारणीनं सोड्यांचा डबा उघडलाय!"
त्याला हसू फुटलं,
पण हसण्याच्या आधी
नाक आपणहून दाभोळला जाऊन आलं.
सदतीस.
नियम असा, की सगळ्यांत मोठा आकडा धरायचा.
धरला.

"चाळीस लागतात ना?"
माझा कागद त्याने उलटा वाचला होता.
चाळिसाच्या खाली रात्रीच्या यंत्राचं बोलायचं असतं.
मी कपाटातून मास्क काढला, पट्टे उलगडले,
झोपेत छाती दमते, यंत्र हवा ढकलतं,
सकाळची डोकेदुखी कमी होते, असं काही बोलत गेले.
तो पडद्यावरची ती शेवटची रेघ बघत होता,
वर चढून
लगेच खाली आलेली.

"एकच सांग.
वेल्ड फाटलंय,
की थेंब थेंब गळतंय?"

थेंब थेंब, मी म्हटलं.

"मग" (इथे एक श्वास)
"मग लायनीवर" (इथे आणखी एक)
"माणूस बसवायचा. रात्रभर."

भाभींनी पिशवीतून चष्मा काढला
आणि मास्कच्या पट्ट्यावरचे बारीक आकडे
ओठ हलवत वाचू लागल्या.