पाटीखालचा बाक

तुम्ही विचारलंत, रविवारी उशिरा उठून
अकराला बेळगावात खावं कुठं.
ब्रंच म्हणालात त्याला. बरं.
आमच्यात त्या खाण्याला नाव नाही.
न्याहारी कधीच जिरलेली, दुपारचा भात अजून तांदूळच,
आणि मी शिडीवरनं उतरून रॉकेलनं हात पुसतोय,
तेव्हा लागते ती भूक.

हॉटेलं मी वरनं ओळखतो.
चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
कुठल्या कढईत कालचंच तेल आहे
ते बारा फुटांवर आधी कळतं.

खडेबाजारच्या वळणाला भटांचं हॉटेल.
लोणी डोसा मागा, पण घाई नको,
सुरुवातीचे दोन-चार होईतो तवा झोपेत असतो.
लोण्याचा गोळा बोटानं ढकलायचा नाही,
आपणहून कडेला जातो, बघत बसावं.
तिथल्या पाटीतला 'भ' मला साधला नव्हता,
पोट सुटल्यासारखा झाला.
भट म्हणाले, असू दे रे, जेवलेला दिसतोय.

खानापूर रस्त्याला मकबूल सनदी,
शेरवा आणि कालचा पाव.
पाटी नाही. मीच नको म्हटलं.
वास फाटकापर्यंत येतो, त्याला अक्षरं कशाला.

निपाणीपर्यंत जाणार असाल तर
वखारीमागचं उप्पीट.
विड्यांचं पहिलं हजार मोजून देऊन बायका येतात,
बोटांना तंबाखू, म्हणून चमच्यानं खातात,
आणि चमचा कायम शेजारणीच्या बशीत.

पण एकच सांग म्हणालात
तर वडगाव.
मागांची खटखट जिथं सगळ्यात जास्त
तिथं निंगव्वाची खानावळ.
जोंधळ्याची भाकरी, तेलातलं वांगं, शेंगाचटणी,
ताकात हिरवी मिरची चुरडून.
पूर्वेच्या भिंतीवर थेट गिलाव्यावर
मी लिहिलेलं, तिचा नवरा असताना,
हातभर मराठी अक्षरं, जाड ऑइलपेंट, तीन हात.

मग नियम आला.
टेप घेऊन एक पोरगा आला, भिंत मोजली,
माझ्याकडं न बघता आकडा सांगून गेला.
मी पांढरा मारला. वर कन्नड लिहिलं,
गोल, भरलेलं, हाताला गोड लागणारं वळण.
मला ते वाचता येत नाही, काढता येतं.
निंगव्वाला दोन्ही येत नाही.
खाली उभी राहून म्हणाली,
काय पुसलास रे भरमू?
काही नाही, म्हटलं, जुना रंग.
तिनं जास्त विचारलं नाही.
ऊटा आयतु? म्हणाली,
आणि उत्तराआधीच ताट मांडलं.

आता ऐका, वेळेचं सांगतोय.
साडेअकराला ऊन त्या भिंतीला
नुसतं घासून जातं.
तेव्हा पांढऱ्याखालचे जुने काठ
वर येतात. आधी 'खा'चा काना,
मग 'न', मग 'ळ'चे दोन डोळे.
कन्नड अक्षरांच्या पोटातनं, त्यांना न दुखवता.
मी वाचतो.
शेजारचा विणकर कन्नड वाचतो.
निंगव्वा भाकरी वाचते, फुगली का नाही ते.

दहा मिनिटं. फार तर बारा.
म्हणून बाहेरच्या बाकावर बसा, भिंतीकडं तोंड करून.
ती वाढायला आली की हात आडवा धरून
साकु, साकु म्हणा.
तिच्याकडं त्याचा अर्थ
अजून अर्धी.

ऊन सरकलं की भिंत परत पांढरी,
वांगं निवायला लागतं,
मागावरची पोरं डबे उघडायच्या आत
तिला बाक रिकामा लागतो. उठा.

आणि पैसे देताना
भरमू पेंटरनं पाठवलं असं सांगू नका.
दोन वर्षांची उधारी आहे माझी,
ती तुमच्याकडनं घेईल.