हंगामी

शुक्रवारी, पुरुमेंताच्या गर्दीत,
सुक्या बांगड्यांच्या राशी चुकवत
दोना एर्मेलिंदा जनरलला घेऊन आल्या
म्हापशाच्या बाजारात, माझ्या जिन्याखालच्या दुकानात.
चादरीत गुंडाळलेला, काथ्याने बांधलेला;
हमाल पुढे, त्या मागे,
मिरच्यांची ठसक दोघांच्याही नाकात.

"आमचो शापाय," त्या म्हणाल्या.
"चौकट वाळवीनं खाल्ली. माणूस धड आहे."

धडच होता.
निळा कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी, भरघोस कल्ले.
डोळे मात्र असे,
की चिताऱ्याने हलू नका म्हणावं
आणि नेमकी तेव्हाच कुणी दारावर थाप मारावी.

खिळे उपसले. मागच्या फळीवर
झुरळांनी कुरतडलेली तपकिरी चिठ्ठी.
माझं पोर्तुगीज प्रिमेर ग्रावपुरतं;
स्पॅनिश तिची मावसबहीण, तोंडवळ्यावरून ओळखली.
जनरल आन्सेल्मो व्हियासेका.
प्रेझिदेंत इंतेरीनु, मेक्सिको.
एकोणीस दिवस.

म्हणजे शापाय नव्हेच.
कुणा तारवटी मामाने
वेराक्रूझच्या लिलावात पडेल भावाने उचललेला,
बोटीच्या भंडाऱ्यात कांद्यांच्या पोत्यांमागे दडवून
हळदोण्यापर्यंत आणलेला
रिकाम्या भिंतीसाठी एक पूर्वज.

इंतेरीनु.
आपण मराठीत म्हणतो हंगामी,
जशी कैरी, जसं आगरातलं मीठ,
जशी बाहेर गोणपाटावर वाळलेली ही आमसुलं.
पावसाच्या आत खपवायचं ते.
हा शब्द कचेरीत नाही,
बाजारातच कुणीतरी पाडला असावा.

माझा बापही इंतेरीनु होता.
हसू नका. डिसेंबर एकसष्ट.
गावचा रेजिदोर रातोरात पसार झाला,
वरून आलेल्या माणसाला शिक्का कुणाकडे तरी द्यायचा होता
आणि कचेरीत एकच जण सापडला:
खुर्चीचा पाय बसवायला गेलेला सगुण च्यारी.
डगमगते का ते बघायला
तो तिच्यावर बसला होता, एवढंच.

अकरा दिवस.
एकच हुकूम निघाला त्याच्या सहीने,
फोंडू गावकराची म्हैस
होडीतून पलीकडे न्यायची मुभा.
बाराव्या दिवशी लष्कराच्या जीपा आल्या.
बापाने शिक्का रुमालात बांधून सुभेदारापुढे ठेवला,
पावती मागितली. मिळाली नाही.
मरेपर्यंत त्याच्या तोंडी तीच.
एवढं चारशे वर्षांचं राज्य गेलं, त्याचं काही नाही,
पावती.

जनरल, तुमचं कसं झालं?
तुम्हीही काही दुरुस्त करायला गेला होतात का?
किती म्हशी पार गेल्या तुमच्या सहीने?
विसाव्या दिवशी टोपी कुठे ठेवलीत, घरी कुणी काय विचारलं?
आणि हा चितारी कधी बोलावला,
चौथ्या दिवशी, की अगदी अठराव्या?
अठराव्याच असणार.
उजव्या हाताला बोटं आहेत,
डावा नुसता हातमोजा,
खालचा रंग वाळायच्या आत आटोपलेला.

सागवानाची चौकट केली, रुंद, साधी.
कोपरे चारदा तपासले, डगमगू नये म्हणून.
चिठ्ठी काढली नाही. तिच्यावरून काळं कापड ठोकलं.

पुढच्या शुक्रवारी दोना आल्या.
"मागे कागद होता," मी म्हणालो. "काय लिहिलंय सांगू?"
त्या नोटा मोजत राहिल्या, अंगठ्याला थुंकी लावून.
"वण्टीर कोण तरी जाय मरे," म्हणाल्या.
"हो चाळीस वर्सां आसा थंय.
इतलो तेंप कोण रावता?"

मी पावती लिहिली,
सावकाश, तारीख घालून, खाली सही करून:
एक जनरल, चौकटीसह, पोचता केला.
फाडून पुढे धरली,
तोवर त्या पायरी उतरल्या होत्या.
पलीकडे सुकी सुंगटं संपत आली होती.