बिब्ब्याच्या खुणा

कॅम्पातल्या गोऱ्यांच्या रग्बी क्लबाचा इतिहास
आमच्या घरी आहे. परटाच्या वहीत.
खारव्याची बांधणी, वर श्री,
खाली : साहेबांचे चेंडूचे शर्ट.

निंगाप्पा, माझा आज्जा,
मोजायचा कन्नडात, लिहायचा मोडीत,
डाग निघाला नाही की शिवी उर्दूत.
मॅच त्याने एकही पाहिली नाही.
शनिवारी त्यांचा खेळ,
रविवारी गाढवावर पंधरा शर्ट
आणि हिंडलग्याच्या अंगाने मार्कंडेयचा उतार.
'एवढं लोळून काय मिळुलालंय गा ह्यांना?'

पाठीवर नंबर नव्हते तेव्हा.
तो कॉलरच्या आत बिब्ब्याने खूण घालायचा,
आणि खेळाडू म्हणजे ती खूण.

तीन ठिपके : हाडाने मोठा. खांदा दर खेपेला उसवलेला.
फुली : डावी बाही ओढून ओढून वीतभर लांब.
ह्याला सगळेच धरत असणार.
चांद : कॉलरला उजवीकडे रक्त, कान फाटतो.
थंड पाणी, मीठ, मग रिठे.
गोपद्म : स्वच्छ येतो.
एक तर फार पळणारा, नाही तर फार भित्रा.

शर्ट विलायतेहून आलेले, मरून आणि पांढरे पट्टे,
त्यांच्या गावच्या जुन्या क्लबाने पेटीतून धाडलेले.
आमच्या तांबड्या मातीने दोन हंगामांत
पांढऱ्यालाही मरूनच्या वाटेला लावलं.
आज्जाचा शेरा आहे समासात :
पांढरे म्हणू नये.

एकोणचाळीसच्या दिवाळीनंतर ओळी आखडतात.
पंधरा. अकरा. नऊ.
एक पान कोरं.
मग सात, त्यात 'आपले दोन',
पलटणीतले. त्यांना खूण नाही,
नावंच पूर्ण लिहिलीत, गाठ मारल्यासारखी :
सातेरी कणबरकर. भैरू मुतगेकर.
पुढच्या पानावर तेही नाहीत.

शेवटची नोंद, गोपद्म.
एक शर्ट. धुतला, इस्त्री झाली,
न्यायला कोणी आलं नाही.
दोन आणे येणे.

गेल्या साली तिकडून पत्र आलं.
जुन्या क्लबाला दीडशे वर्षं होतात, पुस्तक काढायचं आहे.
बेळगावात आमचे कोण कोण खेळले,
कुठल्या जागी, गुण किती?
दुकानात स्टीमच्या फुसफुशीत
मुलीने वाचून दाखवलं, दोनदा.

मी कळवलं : गुण माहीत नाहीत.
कोण जिंकलं तेही वहीत नाही,
हरलेल्याला माती काही वेगळी लागत नाही.
कान कुणाचा फाटायचा ते सांगू शकतो.
बाही कुणाची ओढायचे, तेही.
फोटो असला तर धाडा,
उजवा कान बघून चांद तेवढा ओळखीन.
दोन आण्यांचं मी लिहिलं नाही.
मुलगी म्हणाली, लिहायचं होतंस.

फोटो आला.
पंधरा जण, हाताची घडी,
मागे कॅम्पातलं ते चिंचेचं झाड, अजून आहे ते.
आणि एकूण एक जणाने
कान झाकतील अशा टोप्या ओढलेल्या,
पट्टा हनुवटीखाली घट्ट.

भिंग लावून बघितलं.
एकाने जरी कॉलर उलटी करून ठेवली असती
तर नावानिशी सांगितलं असतं.